वाचकांचे प्रश्न : सिंगल माल्ट पारखायची कशी?

सिंगल माल्ट स्कॉच, म्हणजे स्कॉटलंडमधल्या एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या सातूपासून काढलेली व्हिस्की. तिच्याबद्दल आलेल्या पत्रांतून निवडलेले हे प्रश्न. शब्द वेगवेगळे असले तरी बहुतेकांची विचारणा एकच आहे: एवढे पैसे मोजायचे, तर बाटली चांगली आहे हे ओळखायचं कशावरून?

प्रश्न : बारा वर्षांची, पंधरा वर्षांची, अठरा वर्षांची… वय जितकं जास्त तितका दर्जा वरचा, असं समजायचं का? किमती तर तशाच चढत जातात. (वाचक, ठाणे)

उत्तर : किंमत चढते त्याचं कारण सरळ आहे. स्कॉटलंडमध्ये पिंपातली साधारण दोन टक्के व्हिस्की दरवर्षी उडून जाते. तिथे तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. या हिशेबाने अठरा वर्षांत जवळजवळ तीस टक्के माल हवेत जातो. वर गोदाम, राखण आणि इतकी वर्षं अडकून पडलेलं भांडवल. तुम्ही मोजता तो हा खर्च. चवीची हमी त्यात येत नाही.

लेबलवरचा आकडा हा बाटलीतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचं वय असतो. ‘१२’ लिहिलेल्या बाटलीत वीस वर्षांची व्हिस्की थोडी असू शकते, अकरा वर्षांची एक थेंबही चालत नाही. कायद्याने किमान वय ३ वर्षं, तेही स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरपेक्षा मोठं नसलेल्या ओकच्या पिंपात.

वयाआधी विचारायला हवं ते पिंपाबद्दल. अमेरिकेत बर्बन या तिथल्या व्हिस्कीसाठी आतून जाळलेलं नवं ओकचं पिंप लागतं, त्यामुळे तिथली सुमारे २०० लिटरची एकदा वापरलेली पिंपं मोठ्या संख्येने स्कॉटलंडला येतात. त्यांतून व्हॅनिला, ओलं खोबरं, मध अशा चवी उतरतात. शेरी ही स्पॅनिश वाइन मुरवलेली पिंपं मोठी, ५०० लिटरच्या आसपास. ती मनुका, अंजीर, सुंठ, लवंग देतात आणि जरा तुरटपणाही. पिंप पहिल्यांदा भरलं की ते भरभरून देतं, तिसऱ्या-चौथ्या खेपेला हात आखडतं. म्हणून थकलेल्या पिंपातली अठरा वर्षांची व्हिस्की फिकी आणि पातळ निघू शकते, आणि ताज्या शेरी पिंपातली दहा वर्षांची तिच्यापेक्षा कितीतरी भरदार. उलटही होतं. जोरदार पिंपात फार काळ राहिली तर जास्त उकळलेल्या चहासारखा कडू-तुरट थर जिभेवर बसतो आणि त्याखाली माल्टची चव हरवते.

व्हिस्कीतल्या धुराच्या वासाची आवड असणाऱ्यांनी तर वयाच्या मागे मुळीच धावू नये. पिंपात वर्षं जातात तसा धूर मवाळ होत जातो. लाफ्रॉइग किंवा आर्डबेग या धुरकट वासाच्या व्हिस्कींची दहा वर्षांची बाटली त्या बाबतीत जास्त ठसठशीत असते, आणि पैसेही कमी लागतात.

प्रश्न : ग्लास फिरवल्यावर काचेवर जाड ओघळ आले, रंग गडद असला आणि काडी लावल्यावर पेटली, तर माल अस्सल. आमच्या मित्रमंडळींत ही कसोटी चालते. बरोबर आहे का? (वाचक, नाशिक)

उत्तर : तिन्ही कसोट्या सोडून द्या.

ओघळ फक्त अल्कोहोलचं प्रमाण सांगतात. काचेवरच्या पातळ थरातून अल्कोहोल आधी उडतं, उरलेल्या पाण्याचा पृष्ठताण वाढतो, तो खालचा द्रव वर ओढतो आणि जड झाल्यावर थेंब खाली उतरतो. साध्या रमचेही असेच ओघळ येतात.

रंगाचं म्हणाल तर स्कॉचमध्ये पाण्याखेरीज एकच गोष्ट मिसळायला परवानगी आहे, ती म्हणजे साधा कॅरॅमल रंग, ई-१५०ए. प्रत्येक खेप एकाच रंगाची दिसावी म्हणून अनेक मोठ्या कंपन्या तो वापरतात. लेबलवर ‘नॅचरल कलर’ लिहिलं नसेल तर रंगावरून कोणताही निष्कर्ष काढू नका. लिहिलं असेल आणि व्हिस्की गवताच्या काडीसारखी फिकट असेल, तर बहुधा जुन्या किंवा बर्बनच्या पिंपातली आहे एवढंच कळतं.

काडी लावण्याचा प्रकार तर धोकादायक आहे. उकाड्याच्या दिवसांत चाळीस टक्क्यांची कुठलीही दारू वाफेवर पेट घेते. विषारी मिथेनॉलही जळतं, आणि त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. पेटली म्हणून प्यायला सुरक्षित, हा समज जिवावर बेतू शकतो.

प्रश्न : घरच्या घरी पारख करायची तर नेमकं काय काय करायचं? सविस्तर सांगावं. (वाचक, पुणे)

उत्तर : पहिली गोष्ट, एकटी बाटली पारखता येत नाही. एकाच ग्लासाशी बसलात तर पाच मिनिटांत नाक त्याला सरावतं आणि सगळं ‘छान’ वाटू लागतं. दोन वेगळ्या व्हिस्की आणि तीन ग्लास घ्या. तिसऱ्या ग्लासात त्या दोघींपैकीच एक पुन्हा ओता. कोणती, ते ओतणाऱ्याला माहीत असावं, तुम्हाला नाही. ग्लासाच्या बुडाशी खूण चिकटवा. जुळी ओळखता आली नाही तर त्या दिवशीची निरीक्षणं वहीत उतरवू नका. ही परीक्षा व्हिस्कीइतकीच तुमच्या नाकाचीही आहे.

ग्लास वर निमुळता होणारा हवा. ग्लेनकेर्न त्यासाठीच बनवलेला आहे, पण वाइनचा छोटा ग्लासही चालतो. रुंद तोंडाच्या नेहमीच्या व्हिस्की ग्लासात वास पसरून जातो. साबणाने धुतला असेल तर गरम पाण्याने दोन-तीनदा विसळा आणि उपडा ठेवून हवेवर वाळवा. फडक्याने पुसलात तर कपाटाचा आणि ओलसर कापडाचा वास आत राहतो, आणि दोष व्हिस्कीला लागतो.

वेळ जेवणाआधीची. सकाळी अकराच्या सुमारास नाक-जीभ ताजीतवानी असतात. रात्री बसायचं असेल तरी चकण्याच्या आधी. तिखट शेव, मसाला शेंगदाणे, लसणीची चटणी यांनंतर जीभ दुखऱ्या दातासारखी होते, अल्कोहोलचा चटका दुप्पट जाणवतो आणि बारीक चवी लागतच नाहीत. पंखा बंद, उदबत्ती नको, अत्तर नको, शेजारी मोगऱ्याचा गजराही नको. स्वयंपाकघरात फोडणी पडणार असेल तर दार लावून घ्या.

प्रत्येक ग्लासात १५ ते २० मिलिलिटर ओता. ग्लासांवर बशी झाका आणि दहा मिनिटं थांबा.

मग नाक. ग्लास छातीपाशी धरा, ओठ किंचित उघडे ठेवा आणि सावकाश वर आणा. जिथे टोचायला लागेल त्याच्या बोटभर अलीकडे थांबा. नाक ग्लासात खुपसलंत तर अल्कोहोल नाकाला बधिर करतं आणि पुढची दहा मिनिटं वाया जातात. एक लांब श्वास घेण्यापेक्षा तीन छोटे हुंगे घ्या. दोन्ही नाकपुड्या सारख्या चालत नाहीत, म्हणून आलटूनपालटून हुंगा. मध्येच आपल्याच शर्टाची बाही हुंगली की नाक ताळ्यावर येतं.

वासाला नाव द्यायला परदेशी पुस्तकातले शब्द शोधू नका. सातूचं पीठ, भाजलेला पाव, पिकलेलं केळं, सफरचंदाची साल, काकवी, खारीक, जायफळ, जुन्या लाकडी कपाटाचा वास, चुलीचा धूर, डांबर, टिंक्चर, समुद्रावरची खारट हवा: हे सगळं व्हिस्कीत सापडतं आणि आपल्या आठवणीत पक्कं बसलेलं असतं. वासाची ओळख आठवणीतूनच पटते, म्हणून आपलेच शब्द जास्त अचूक.

पहिला घोट फक्त तोंड तयार करायला, तो मोजायचा नाही. दुसरा अर्धा चमचा घ्या, आठ-दहा सेकंद तोंडभर फिरवा. चव एकाच जागी ठोकून बसते की बदलत जाते? दाटपणा आहे की पाणचट वाटते? नाकाने जे सांगितलं ते जिभेवर सापडतं का? गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा आणि मनात अंक मोजा. तिसाच्या पुढेही गोडवा, धूर किंवा मसाला टिकत असेल तर चांगलं लक्षण. मात्र कडवटपणा टिकत असेल तर त्या लांबीचं कौतुक करू नका.

वीस मिनिटांनी पुन्हा हुंगा. आमच्या मते दर्जाचा सर्वांत मोठा फरक इथे कळतो. साधारण व्हिस्की तोवर ओसरलेली असते, चांगली व्हिस्की काही तरी नवं काढून दाखवते.

शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात. रिकामा ग्लास न धुता झाकून ठेवा आणि सकाळी हुंगा. अल्कोहोल गेलेलं असतं, जड सुगंध मागे राहतात. मध, सातू, कोरडं लाकूड, विझलेल्या चुलीतली राख यांपैकी काही आलं तर पिंप आणि माल्ट दोन्ही चांगले होते. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा आंबूस वास आला, तर रात्री जाणवलेली शंका खरी होती.

तीन ग्लास मिळून ६० मिलिलिटरच्या वर जाऊ नका. घोट थुंकायला लाज वाटू देऊ नका. डिस्टिलरीतले जाणकार बहुतांश काम नाकानेच करतात, आणि तेही व्हिस्की वीस-बावीस टक्क्यांपर्यंत पातळ करून.

प्रश्न : पाणी घालणं म्हणजे व्हिस्कीचा अपमान, असं एकाने सुनावलं. घालायचं तर किती? (वाचक, नागपूर)

उत्तर : बाटलीत भरण्याआधी बहुतेक वेळा डिस्टिलरीनेच पाणी घातलेलं असतं. पिंपात जाताना व्हिस्की बहुधा ६३.५ टक्क्यांची असते.

पाण्याने वास खुलतो. धुराचा, मसाल्याचा वास देणारं ग्वायकॉल नावाचं द्रव्य कमी अल्कोहोलमध्ये पृष्ठभागाजवळ राहतं आणि फार तीव्र द्रवात आत दडतं, असं स्वीडनच्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावरच्या प्रतिरूपातून दाखवलं.

हिशेब असा : व्हिस्कीचे मिलिलिटर गुणिले तिचे टक्के, भागिले हवे असलेले टक्के. उत्तरातून मूळ व्हिस्की वजा केली की उरेल ते पाणी. ३० मिलिलिटर, ४६ टक्के, आणायची ३५ वर, तर पाणी साधारण साडेनऊ मिलिलिटर, म्हणजे चहाचे जेमतेम दोन चमचे. ६० टक्क्यांची ३० मिलिलिटर ४० वर आणायला १५ मिलिलिटर. हे एकदम ओतू नका. आधी बिनपाण्याची चाखा, मग अर्धा-अर्धा चमचा घाला आणि प्रत्येक वेळी हुंगा. कुठेतरी वास फुलतो आणि त्यापुढच्या अर्ध्या चमच्याला कोलमडतो. ती जागा वहीत लिहा, प्रत्येक बाटलीची वेगळी असते. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर ते वापरू नका. पाणी खोलीच्या तापमानाचं हवं.

पाणी घातल्यावर व्हिस्की धुरकट झाली तर घाबरू नका, त्याबद्दल पुढे आहे. बर्फाने वास दबतो आणि सोड्याचे बुडबुडे जिभेला झोंबतात. प्यायला हरकत नाही, पारखायला दोन्ही निरुपयोगी.

प्रश्न : लेबलवर नेमकं काय वाचावं? ‘ग्रीन लेबल’ पंधरा वर्षांची सिंगल माल्ट आहे असं दुकानदार म्हणाला. (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ती पंधरा वर्षांची आहे, पण सिंगल माल्ट नाही. जॉनी वॉकर ग्रीन ही ब्लेंडेड माल्ट आहे, म्हणजे सगळी माल्टच, पण अनेक डिस्टिलऱ्यांची. ब्लॅक लेबल ही ब्लेंडेड, तिच्यात इतर धान्यांची व्हिस्कीही असते. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या सातूपासून, तांब्याच्या भांड्यांत खेपेखेपेने काढलेली. ‘सिंगल’चा अर्थ एकच पिंप असा होत नाही. शेकडो पिंपं एकत्र केलेली असू शकतात.

हे शब्द काटेकोर झाले त्यामागे एक वाद आहे. २००३ मध्ये कार्डू या प्रसिद्ध सिंगल माल्टच्या बाटलीत इतर माल्ट मिसळून तिला ‘प्युअर माल्ट’ म्हणण्यात आलं. बाटली जवळजवळ तशीच दिसत होती. एवढा गदारोळ झाला की पुढच्या वर्षी ती मागे घ्यावी लागली. २००९ च्या नियमांनी ‘प्युअर माल्ट’ हा शब्दच स्कॉचच्या लेबलवरून काढून टाकला. २०१२ च्या अखेरीपासून सिंगल माल्ट स्कॉच स्कॉटलंडमध्येच बाटलीत भरावी लागते. बाटली दुसऱ्या देशात भरल्याचं लेबल सांगत असेल तर ती खाली ठेवा.

यानंतर अल्कोहोलचा आकडा पाहा. किमान ४० हवाच. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच बाटल्यांवर ४२.८ दिसतो. तो जुन्या ब्रिटिश मोजणीतल्या ७५ प्रूफचा अवशेष आहे, दर्जाशी त्याचा संबंध नाही. ४६ आणि त्यावरचा आकडा मात्र लक्ष देण्याजोगा. ४६ च्या खाली थंडीत, बर्फाने किंवा पाणी घातल्यावर व्हिस्कीतले तेलकट घटक गोठून धुरकटपणा येतो. तो टाळायला व्हिस्की थंड करून गाळतात आणि त्या गाळणीत थोडा दाटपणाही जातो. म्हणून ‘नॉन-चिल-फिल्टर्ड’ आणि ४६ हे बहुधा जोडीने येतात. बुनाहावन १२ ही ४६.३ टक्क्यांची, नैसर्गिक रंगाची, थंड न गाळलेली. त्याच वयाच्या ४० टक्क्यांच्या कुठल्याही बाटलीशेजारी ठेवून पाहा, जिभेवरचा दाटपणा लगेच वेगळा जाणवेल.

‘रेअर’, ‘रिझर्व्ह’, ‘सिलेक्ट’ या शब्दांना कायद्यात काही अर्थ नाही.

प्रश्न : भेट आलेल्या बाटलीला दवाखान्यासारखा वास येतो. खराब झाली असेल का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : बाटली स्कॉटलंडच्या आयला बेटावरची असेल तर तो वास मुद्दाम आणलेला आहे. तिथे सातू वाळवताना पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेली, कुजून दबलेली झाडपाल्याची माती. तिच्या धुरातली फिनॉल द्रव्यं आयोडीन, बँडेज, डांबर यांची आठवण करून देतात. पीपीएमचा, म्हणजे दहा लाख भागांत फिनॉल किती याचा, जो आकडा मिरवला जातो तो मोड आणलेल्या सातूतला असतो, बाटलीतला नाही. बाटलीत येईपर्यंत बरंच गळून जातं.

खरे दोष वेगळे. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा झणझणीत वास टिकून राहिला, तर ऊर्ध्वपातनात सुरुवातीचा भाग जास्त घेतला गेला असावा. घामट, चामड्यासारखा, शिळ्या चीजसारखा वास बहुधा शेवटचा भाग उशिरापर्यंत घेतल्याने येतो. मधला भाग नेमका कुठे तोडायचा यातच डिस्टिलरीचं कसब आहे, कोवळ्या व्हिस्कीत या चुका उघड्या पडतात. विझलेली काडी, जळकं रबर किंवा सडकं अंडं म्हणजे गंधक. शेरीच्या पिंपात किडा-बुरशी होऊ नये म्हणून गंधकाची वात जाळतात, तिचा अंश राहतो. थोडा असेल तर उघड्या ग्लासात अर्ध्या तासात विरतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास बुचाचा दोष, त्याला उपाय नाही. साबणासारखी चव लागली तर व्हिस्कीला नावं ठेवण्याआधी ग्लास पुन्हा विसळून बघा.

प्रश्न : गोव्यातली सिंगल माल्ट स्कॉचच्या तोडीची आहे का? वय तर लिहिलेलंच नसतं. (वाचक, मडगाव)

उत्तर : स्कॉच म्हणता येणार नाही, सिंगल माल्ट नक्कीच आहे. कुंकळ्ळीच्या पॉल जॉन डिस्टिलरीत वर्षाला आठ टक्क्यांच्या आसपास माल उडतो. त्या उष्म्यात अठरा वर्षं ठेवली तर पिंपात फारसं काही उरणारच नाही, आणि उरेल ते लाकडाचा काढा असेल. पाच-सहा वर्षांतच लाकूड आपलं काम करून जातं. आपल्याकडे वापरतात तो सहा ओळींच्या कणसाचा सातू, स्कॉटलंडचा दोन ओळींचा. त्यामुळे चवीचा पायाही वेगळा. वयाची तुलना सोडा आणि वरच्या तीन ग्लासांच्या पद्धतीने समोरासमोर ठेवा.

प्रश्न : मुलगी स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला असते. येताना काय आणायला सांगू? (वाचक, सातारा)

उत्तर : विमानतळावर मिळतं ते सोडून काहीही. स्पेसाइड हा डिस्टिलऱ्यांचा भाग तिथून जवळ आहे. तिथल्या एल्गिन गावात गॉर्डन अँड मॅकफेल या व्हिस्की विक्रेत्यांचं जुनं दुकान आहे. पिंपातून थेट भरलेली, पाणी न घातलेली एखादी ‘कास्क स्ट्रेंथ’ बाटली घ्यायला सांगा, आधी चाखता येते का तेही विचारायला सांगा. माणशी दोन लिटरपर्यंत सीमाशुल्क लागत नाही, आणि ७० टक्क्यांवरची दारू विमानात नेता येत नाही.

प्रश्न : बाटली बनावट नाही हे कसं तपासावं? (वाचक, वाशी)

उत्तर : बनावट माल बहुधा अस्सल रिकाम्या बाटलीतच भरतात, त्यामुळे काच आणि लेबल बघून भागत नाही. झाकणाचं आवरण सलग आहे का, त्याखालचं बूच किंवा कडी हललेली नाही ना, हे पाहा. बाटली उपडी धरा, बुचापाशी ओल दिसली तर घेऊ नका. काचेवर खाली बारीक अक्षरांत कोरलेला किंवा छापलेला खेपेचा क्रमांक खरवडलेला नसावा. एकाच खोक्यातल्या दोन बाटल्यांत द्रवाची पातळी बोटभर वेगळी असेल तर शंका घ्या. उत्पादन शुल्काचं लेबल शाबूत हवं आणि बिल हवंच. ओळखीच्या ओळखीतून ‘एअरपोर्टचा माल’ स्वस्तात मिळतो तिथे यातलं काहीच नसतं.

एक काम आपल्या हातचं आहे. महागडी बाटली संपल्यावर ती तशीच भंगारवाल्याला देऊ नका. लेबलवर आडवी-उभी खरवड मारा आणि बूच वेगळं टाका.

प्रश्न : कोकणातला उन्हाळा, अर्धी उरलेली बाटली. किती दिवस टिकेल? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : न उघडलेली बाटली वर्षानुवर्षं राहते, पण बाटलीत तिचं वय वाढत नाही. उभीच ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली तर तीव्र अल्कोहोल बूच खाऊन टाकतं. ऊन लागू देऊ नका, फ्रिजच्या वर किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. लाकडी कपाटाचा खालचा कप्पा उत्तम.

उघडलेली अर्धी बाटली वर्षभर बरी राहते. एक तृतीयांश उरली की आतली हवा जास्त होते, मग दोन-तीन महिन्यांत वास मंदावतो. आधी फळांचे सुगंध जातात, धूर त्यानंतर. अशा वेळी १८० मिलिलिटरच्या छोट्या, गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवलेल्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून घट्ट झाकण लावा. बूच तुटून आत पडलं तर कॉफी गाळायच्या कागदातून गाळा. मलमल वापरायची तर साबणाचा वास गेलेली, आणि आधी चमचाभर व्हिस्कीने भिजवून घेतलेली.